दोन ओढ्यांमधले पुणे

पुण्याच्या पेठांचा इतिहास सांगू लागले म्हणजे लेखणी बहुधा शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापाशी जाऊन थांबते, आणि ज्या वास्तूतून अटकेपासून तंजावरपर्यंतच्या राजकारणाचे दोर हलविले गेले तिच्यापाशी तिने थांबावे हे स्वाभाविकही आहे. परंतु हे शहर नेमके कोठे वसावे, कोणत्या दिशेने पसरावे आणि कोणत्या सीमेपाशी अडावे याचा निर्णय पेशव्यांच्या पुष्कळ आधी मुठा नदीने आणि तिला मिळणाऱ्या दोन लहान ओढ्यांनी करून ठेवला होता. मुठा नैर्ऋत्येकडून येते, शहराला डाव्या हाताशी ठेवणाऱ्या वाटसरूप्रमाणे नव्हे तर त्याला उजव्या तीरावर घेऊन ईशान्येकडे वळते आणि संगमावर मुळेला मिळते. दक्षिणेला कात्रजचे डोंगर आहेत, त्यांच्या अलीकडे पर्वतीची टेकडी आहे, आणि या डोंगरांपासून नदीपर्यंत जमीन उत्तरेकडे संथपणे उतरत जाते. या उतारावरून दोन प्रवाह येत. पूर्वेकडचा तो नागझरी आणि पश्चिमेकडचा तो आंबील ओढा. या दोहोंच्या मध्ये, नदीच्या काठावर, पुराच्या पाण्याला सहसा न सापडणारा जो उंचवटा होता त्यावर आजच्या कसब्याची मूळ वस्ती उभी राहिली.

या प्रदेशाचे नाव जुने आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातील, इसवी सनाच्या आठव्या शतकातील ताम्रपटांत पुण्याच्या नावाचा विषय, म्हणजे आजच्या भाषेत एक प्रांतविभाग, उल्लेखिलेला आहे. आणि नदीपलीकडे भांबुर्ड्याच्या हद्दीत पाषाणात कोरलेले पाताळेश्वराचे लेणेही त्याच काळाचे मानले जाते. तथापि राजधानी होण्याचे भाग्य या गावाला हजार वर्षे लाभले नाही. देवगिरीचे राज्य गेले, बहामनी आली, तीही मोडली, आणि निजामशाहीच्या अमलात पुणे हे एका परगण्याचे कसबे एवढ्याच दर्जाने नांदत राहिले. नदीकाठी एक मातीचा कोट होता, त्याच्या आत थोडी शिबंदी, बाहेर शेतकऱ्यांची आणि कारागिरांची घरे, आणि नागझरीच्या बाजूला गावकूस. निजामशहाने पुणे आणि सुपे हे परगणे मालोजीराजे भोसल्यांना जहागिरीत दिले तेव्हा त्यांच्या घराण्याचा या गावाशी संबंध जडला, आणि त्या संबंधाची किंमत गावाला लवकरच मोजावी लागली. शहाजीराजांनी आदिलशाहीविरुद्ध पवित्रा घेतला त्या धामधुमीत, १६३० च्या सुमारास, विजापूरच्या मुरार जगदेवाने पुणे जाळून उद्ध्वस्त केले. गावावरून गाढवाचा नांगर फिरविला आणि भर वस्तीत लोखंडी पहार ठोकली, अशी परंपरा सांगते.

त्या पहारेच्या कथेइतकीच तिच्या नंतरची कथाही महाराष्ट्राला ठाऊक आहे. जिजाबाई आणि बाल शिवाजीराजे दादोजी कोंडदेवांच्या देखरेखीखाली पुण्यास आले, लाल महाल बांधला गेला, कसबा गणपतीचे देऊळ उभे राहिले, आणि उजाड शिवारात सोन्याचा फाळ लावून नांगर धरला गेला. फाळ सोन्याचा होता की नव्हता या वादात मला रस नाही. त्या कथेच्या पोटात जो महसुली व्यवहार आहे तो मला अधिक मोलाचा वाटतो. पळालेल्या रयतेला परत आणण्यासाठी जहागीरदाराने कौल, म्हणजे सवलतीचे लेखी वचन, द्यावे, पहिली काही वर्षे जमिनीची पट्टी नाममात्र ठेवून ती इस्ताव्याने, म्हणजे क्रमाक्रमाने, चढवीत न्यावी, आणि ओसाड गावाची पुन्हा लावणी करावी, ही रीत दख्खनेत रूढ होती. आणि पुढे शंभर वर्षांनी ज्या पद्धतीने पेठा वसल्या तिचे बीज या गावाच्या पुनर्वसनात सापडते. पुण्याच्या पेठा मुख्यत्वे दोन गोष्टींनी घडविल्या, कौलाने आणि पाण्याने, असे माझे मत आहे. वाडे त्यांच्या मागून आले.

कसबा ही पेठांतील सर्वांत वडील, आणि तिची रचना पाहिली म्हणजे ती व्यापाऱ्यांनी वसविली नसून कारागिरांनी वसविली हे ध्यानात येते. येथे रस्त्यांपेक्षा आळी महत्त्वाची. तांबट आळीत तांब्याचे पत्रे ठोकून हंडे, घंगाळे, बंब आणि तपेली घडविली जात आणि मठारकामाचा नाद पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत चाले. बुरूड आळीत कळकाच्या कांबी काढून सुपे, रोवळ्या, दुरड्या आणि टोपल्या विणल्या जात. कुंभारवाडा नदीकाठी, कारण माती आणि पाणी दोन्ही तेथेच. फणी आळीत फण्या, शिंपी आळीत शिवणकाम, आणि नदीच्या अंगाला कागदीपुरा, जेथे मुसलमान कागदी चिंध्या, तरटे आणि जुने कागद कुटून, भिजवून, चौकटीवर उचलून हातकागद तयार करीत. कागद करणाऱ्याला वाहते पाणी विपुल लागते, तांबटाला भट्टीच्या धुराला वाट लागते, कुंभाराला आव्यासाठी मोकळी जागा लागते. या गरजांचा विचार केला म्हणजे आळ्यांची जागा योगायोगाने ठरलेली नाही हे समजते. जो धंदा पाण्यावाचून चालत नाही तो नदीजवळ राहिला, आणि ज्याला गिऱ्हाईक हवे तो उंचवट्याच्या मध्यभागी, बाजाराजवळ सरकला. पेशवाईच्या दप्तरातील हजारो रुमाल, म्हणजे कागदांचे गठ्ठे, ज्या हातकागदावर लिहिले गेले, तो कागद घडविणाऱ्यांच्या कसबाची आठवण इतिहासाच्या पुस्तकांत फारशी कोणी काढीत नाही; ती काढली जावी असे मला मनापासून वाटते.

कसब्याभोवती जी दुसरी वस्ती हळूहळू जमली ती वेगळ्या प्रकृतीची. शाहिस्तेखान लाल महालात तळ देऊन बसला असताना १६६३ च्या एप्रिलमध्ये शिवाजीराजांनी त्याच्यावर रात्री घातलेला छापा सर्वश्रुत आहे; त्यावेळी पुणे हे अद्याप कसबा आणि त्याला लागून असलेल्या थोड्या पुऱ्यांएवढेच होते. या पुऱ्यांची जुनी नावे फारसी वळणाची आहेत. आजची सोमवार पेठ ती शहापूर, मंगळवार ती अष्टपुरा, रविवार ती मलकापूर. १७०३ मध्ये औरंगजेबाची छावणी पुण्यास पडली असताना त्याने आजच्या बुधवार पेठेच्या जागेला मुहियाबाद हे नाव दिले. नंतर पेशव्यांच्या अमलात वारांची नावे रूढ झाली; ती त्या त्या वारी भरणाऱ्या बाजाराशी लोक जोडतात. मराठी मुलुखात आठवड्याचा बाजार हीच गावाच्या दिवसगणतीची खूण असल्यामुळे, मुहियाबादेपेक्षा बुधवार लोकांच्या तोंडी लवकर बसला यात आश्चर्य नाही.

पहिल्या बाजीरावांनी सासवड सोडून पुण्यास राहावयाचे ठरविले आणि १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याचा पाया घातला. दोन वर्षांनी, १७३२ च्या जानेवारीत, वास्तुशांत झाली. मूळ बांधकामाला १६,११० रुपये लागले. वाड्याची जागा कसब्याच्या पश्चिमेला, नदीपासून फार दूर नाही आणि फार जवळही नाही, अशी निवडली गेली. सरकारस्वारी आली म्हणजे सरदार, कारकून, शागीर्दपेशा, भिक्षुक, सराफ आणि दाणेवाले आपोआप येतील अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्यांना आणावे लागले. बापूजी श्रीपत हे पुण्याचे सुभेदार असताना वस्तीची ही खटपट सुरू झाली, आणि पुढे जिवाजीपंत खासगीवाल्यांसारख्या माणसांनी ती हाती घेतली. शुक्रवार पेठ, जिचे जुने नाव विसापूर, त्यांनी १७३४ च्या सुमारास वसविली.

ही वसविण्याची क्रिया कशी होत असे हे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण तिच्यात पुण्याच्या मध्यवस्तीचे सारे मर्म आहे. पेठ वसवू इच्छिणाऱ्या माणसाला सरकारातून जागा नेमून मिळे आणि त्याजबरोबर शेटे-महाजनकीचे वतन मिळे. त्याने परगावचे उदमी, सराफ, वाणी, बोहरी, साळी, कासार यांना बोलावून आणावयाचे, प्रत्येकास रस्त्यावर दुकानापुरते तोंड आणि मागे घरापुरती लांबी अशी जागा आखून द्यावयाची, आणि काही ठरावीक मुदतीपर्यंत पट्टी आणि जकातीत सूट देणारा कौल सरकारातून मिळवून द्यावयाचा. मुदत सरली की मोहतर्फा, म्हणजे धंद्यावरील कर, आणि घरपट्टी सुरू होई. शेट्या-महाजनाला त्याच्या श्रमाबद्दल पेठेत येणाऱ्या मालावर थोडाथोडा हक्क जिनसांत वा रोख मिळे, आणि त्या बदल्यात त्याने मापे-वजने खरी ठेवावयाची, उदम्यांच्या तंट्यात मध्यस्थी करावयाची आणि पेठेची आबादी राखावयाची. आबादी हा शब्द त्या काळच्या कागदांत वारंवार येतो आणि तो नुसत्या लोकसंख्येपुरता नसतो. दुकाने उघडी आहेत, चुली पेटल्या आहेत, कोणी उठून गेले नाही, इतके सारे त्या एका शब्दात अभिप्रेत असते.

या पद्धतीचा परिणाम असा झाला की प्रत्येक पेठ ही एका मोठ्या शहराचा विभाग न राहता जवळजवळ स्वतंत्र गाव झाली. तिचा शेट्या वेगळा, तिची चावडी वेगळी, तिचा मारुती वेगळा, तिची तालीम वेगळी, तिची जातवार मांडणी वेगळी. रविवारात घाऊक व्यापारी, बोहरी आणि सराफ. कापडगंज आणि मोती चौक ही नावे त्या उलाढालीची साक्ष देतात. गंजात मीठ आणि धान्य. भवानी पेठ पहिल्या माधवरावांच्या कारकिर्दीत बोरीच्या बनाच्या जागी वसली. आनंदराव रास्त्यांची पेठ, घोरपड्यांच्या पागेची पेठ, नाना फडणविसांनी वसविलेली नाना पेठ, ज्या माणसाने खटपट केली त्याचे नाव पेठेला चिकटले. सदाशिवरावभाऊ आणि नारायणराव यांच्या नावाच्या पेठा शनिवारवाड्याच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला पसरल्या.

या शेवटच्या दोन पेठांची जमीन मोकळी होण्यासाठी एक मोठे काम आधी व्हावे लागले, आणि त्या कामाला इतिहासात मिळावयास हवे तेवढे स्थान मिळालेले नाही. आंबील ओढा मुळात आजच्या मध्यवस्तीतून, हल्लीच्या बाजीराव रस्त्याच्या आसपासून वाहत जाऊन शनिवारवाड्याच्या पश्चिमेस मुठेला मिळत असे. पावसाळ्यात तो फुगला म्हणजे वस्तीचा पश्चिमेकडचा विस्तार तेथेच अडे. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी या ओढ्याला बांध घालून तळे केले आणि त्याचा प्रवाह पश्चिमेकडे वळवून शहराच्या वरच्या अंगालाच नदीत सोडला. जेथे ओढ्याचे पात्र होते तेथे घरे उठली. सदाशिव पेठेत विद्वानांचे वाडे, विद्यार्थ्यांच्या पंक्ती आणि पुढे छापखाने व ग्रंथसंस्था यांचे जे वैभव नांदले, त्याच्या पायाखाली एक विस्थापित जलप्रवाह आहे ही गोष्ट तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांनाही बहुधा ठाऊक नसते.

ओढा दूर केला, पण पाणी तर हवेच होते. नदीपासून जसजसे दक्षिणेकडे सरकावे तसतशा विहिरी खोल जात आणि उन्हाळ्यात आटत; ज्या पेठेला पाणी नाही तिला कौलाची मुदत कितीही वाढवून दिली तरी उदमी टिकणार नाही. म्हणून नानासाहेबांच्याच काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजच्या घाटाखाली धरण बांधून तेथील पाणी दगडी बांधणीच्या भुयारी नळाने शहरात आणण्यात आले. नळ माणसाला आत उतरून साफसफाई करता यावी इतका उंच होता. ठिकठिकाणी त्याला उभे उच्छ्वास ठेवलेले. त्यांतून हवा खेळे, गाळ उपसला जाई आणि प्रवाह तुंबला तर कोठे तुंबला ते समजे. कोणतेही यंत्र नाही, केवळ उताराचे गणित; कात्रजपासून नदीपर्यंत जमीन उतरत येते या भौगोलिक सत्याचा उपयोग त्या काळच्या कारागिरांनी असा करून घेतला की शनिवारवाड्यातील कारंजी आणि पेठांतील हौद एकाच धारेवर चालू लागले. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे अद्याप पुण्याच्या तोंडी आहेत. नाना फडणविसांनी पुढे आंबेगावच्या बाजूने दुसरा नळ आणून सदाशिव पेठेच्या हौदाची सोय केली, आणि रास्त्यांनी आपल्या पेठेपुरता स्वतंत्र नळ कोंढव्याकडून आणविला. राजवाडे बांधणारे राज्यकर्ते पुष्कळ झाले. गोरगरिबाच्या घागरीपर्यंत डोंगराचे पाणी आणून पोचविणारे थोडे, आणि त्या थोड्यांत नानासाहेबांचे नाव कृतज्ञतेने घ्यावे असे आहे.

मात्र या हौदांवर प्रत्येकाची घागर भरत नव्हती हेही त्याच स्पष्टपणे लिहिले पाहिजे. अस्पृश्य मानलेल्या पुणेकरांना त्या पाण्यास शिवण्याची मोकळीक नव्हती, आणि राज्य बदलून पन्नास वर्षे लोटली तरी ती मिळाली नाही. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतील आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला, तेव्हा या शहराच्या जलव्यवस्थेतील शंभर वर्षांची एक उणीव एका गृहस्थाने आपल्या अंगणात भरून काढली.

नागझरीच्या पूर्वेला वस्तीचा रंग बदलतो. सोमवार पेठेत गोसाव्यांची मोठी वसाहत होती. हे गोसावी भगवी वस्त्रे नेसत आणि सावकारी, जवाहिराचा व रेशमाचा व्यापार आणि हुंड्यांची देवघेव करीत. त्यांच्या संपत्तीचे आणि त्यांच्या चौफेर संचाराचे स्मारक म्हणजे नागझरीच्या काठी उभे असलेले त्रिशुंड गणपतीचे देऊळ. १७५४ मध्ये भीमगिरजी गोसाव्यांनी त्याचे काम सुरू केले आणि १७७० मध्ये प्रतिष्ठा झाली. काळ्या पाषाणातील या देवळाच्या दर्शनी भागावर साखळदंडाने जखडलेला गेंडा आणि बंदूकधारी गोरे शिपाई कोरलेले आहेत, आणि आत संस्कृताबरोबर फारसीतही लेख आहे. दख्खनच्या या शहरात बसून बंगालपासून राजपुतान्यापर्यंतच्या वार्ता ऐकणारा एक समाज होता, आणि १७५७ नंतर पूर्वेकडे काय घडत आहे हे त्याला दरबारातील पुष्कळ मुत्सद्द्यांइतकेच स्पष्ट दिसत असावे, असा विचार ते शिल्प पाहताना मनात आल्यावाचून राहत नाही. पुण्यात येऊन तुळशीबागेत राम पाहणारे आणि बेलबागेत विष्णू पाहणारे यात्रेकरू या देवळाकडे फिरकत नाहीत. त्यांनी नागझरी ओलांडून यावे.

इतक्या स्वतंत्र पेठांना एका शहरात बांधून ठेवणारा अधिकारी म्हणजे कोतवाल. बाजारभाव ठरविणे, वजने-मापे तपासणे, घरे-जागांच्या खरेदीखतांची नोंद घेणे, आलेल्या-गेलेल्या परक्यांची माहिती ठेवणे, रात्रीची गस्त घालणे, हे सारे त्याच्याकडे असे. रात्री तोफ झाली म्हणजे रस्त्यावर फिरण्यास मनाई होई आणि पहाटे पुन्हा तोफ होईपर्यंत सापडलेल्या माणसास चावडीवर बसवून ठेवीत. १७७७ मध्ये या पदावर आलेल्या घाशीरामाच्या अमलाचा शेवट १७९१ च्या ऑगस्टमध्ये, त्याच्या कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेल्यानंतर, जमावाच्या दगडांनी झाला ही कथा सर्वांच्या परिचयाची आहे. कोतवालीचे सारे काम त्या एका माणसाच्या नावाने काळवंडले, हे दुर्दैव. व्यवस्था म्हणून ती चांगली होती आणि घरांच्या खरेदीविक्रीचे तिचे कागद आजही विश्वसनीय ठरतात.

पुण्याला तटबंदी मात्र पुरती कधीच झाली नाही. पेठा एकामागून एक वाढत गेल्या आणि त्या सर्वांना वेढणारी भिंत उभी करणे राहून गेले. १७६३ मध्ये निजामअलीच्या फौजा येऊन शहर लुटून जाळून गेल्या, आणि १८०२ च्या ऑक्टोबरात हडपसरच्या लढाईनंतर यशवंतराव होळकरांची फौज शहरात शिरली तेव्हाही पेठांना रक्षण नव्हते. तरीसुद्धा दोन्ही वेळा शहर पुन्हा भरले. तट नसलेले हे शहर ज्या बळावर पुनःपुन्हा उभे राहिले ते बळ पेठेपेठेतील शेट्यांचे, चावड्यांचे आणि चालू असलेल्या नळाचे होते. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. १८२८ च्या फेब्रुवारीत वाड्याला लागलेल्या आगीत आतील इमारती भस्मसात झाल्या आणि उरला तो तट, बुरूज आणि दरवाजे. दुसऱ्या बाजीरावाचा बुधवारवाडा १३ मे १८७९ च्या रात्री जळाला. त्याच रात्री विश्रामबागवाड्यालाही आग लागली, त्याचा दर्शनी भाग पुढे लोकवर्गणीने आणि नगरपालिकेच्या खर्चाने सावरला गेला.

इंग्रजी अमलात शहराचा तोल पूर्वेकडे झुकला. लष्कराची छावणी नागझरीच्या बरीच पलीकडे पडली, १८५८ मध्ये रेल्वे आली ती ईशान्येला, आणि नाना व भवानी या पेठांतील दाणेवाल्यांना जो लाभ झाला तो कसब्याच्या तांबटांना झाला नाही. १८८१ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ९९,६२२ आणि छावणीची ३०,१२९ भरली. या दोन आकड्यांत एकाच नावाची दोन गावे मोजलेली आहेत. नगरपालिका स्थापन झाली होती, खडकवासल्याच्या धरणाचे पाणी येऊ लागले होते, आणि शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात उघड्यावर भरणारी भाजीबाजाराची गर्दी हलविण्यासाठी शुक्रवार पेठेत दगडी मंडई बांधण्याचे ठरले. नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला. हा पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असे त्यांचे म्हणणे होते. १८८६ मध्ये अष्टकोनी मनोऱ्याची ती इमारत गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने उघडली गेली, आणि कालांतराने तिला महात्मा फुल्यांचेच नाव मिळाले. ज्या बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात १८४८ मध्ये त्यांनी आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा चालविली ती पेठ मंडईपासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि मला विचाराल तर मंडईच्या मनोऱ्यापेक्षा त्या वाड्याची जागा या शहराच्या नकाशावर अधिक ठळक दाखविली पाहिजे.

अरुंद आळ्या, एकमेकींना टेकलेल्या भिंती आणि एकेका वाड्यात अनेक बिऱ्हाडे, या रचनेने १८९७ च्या प्लेगात शहराला फार छळले. रोगाला तिने आश्रय दिला आणि घरझडतीला येणाऱ्या सोजिरांविषयीचा रोष वाढविला. विसाव्या शतकात मग रुंद रस्ते पेठांतून आरपार काढण्यात आले. लक्ष्मी रस्ता पूर्व-पश्चिम, बाजीराव आणि शिवाजी रस्ते दक्षिणोत्तर. पेठांच्या सीमा ओलांडून जाणारे हे रुंद मार्ग, आणि त्यांच्यावर दुकानांची जी रांग लागली तिने जुन्या चौकांतील व्यापार हळूहळू ओढून घेतला. गणेशविसर्जनाची मिरवणूक आज लक्ष्मी रस्त्याने जाते, पण तिच्यात पहिला मान कसबा गणपतीचा आणि दुसरा तांबडी जोगेश्वरीचा, अर्थात ग्रामदैवतांचा, हा क्रम कायम आहे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यामागोमाग खडकवासल्याचे फुटले, आणि मुठेचे पाणी शनिवार, नारायण आणि कसबा पेठांच्या नदीकाठच्या भागात शिरले. जुने वाडे सागवानी चौकटीत पांढरीच्या मातीने आणि भाजक्या विटांनी बांधलेले. पाण्यात काही तास उभे राहिल्यावर ती माती विरघळली आणि दोनशे वर्षांच्या भिंती खांब तसेच ठेवून खाली बसल्या. हजारो कुटुंबे बेघर झाली आणि त्यांना शहराबाहेर, गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहतींत जागा मिळाल्या. जो भाग पुराने वाचला त्याला दुसऱ्या कारणाने कीड लागली. १९४७ च्या भाडे-नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकाला वाडा दुरुस्त करणे परवडेना, भाडेकरूला तो सोडणे परवडेना. आणि वासे झुकेपर्यंत वाट पाहून मग विकसकाला जागा देणे हाच मार्ग उरला.

मात्र वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीही मूळ आखणीतून सुटलेल्या नाहीत. रस्त्यावर अरुंद तोंड आणि मागे लांब पट्टी, शेजाऱ्याशी सामाईक भिंत, मधे बोळ. रविवार किंवा शुक्रवार पेठेतील कोणत्याही मिळकतीचा नगरभूमापनाचा उतारा काढून पाहावा, शेट्याने उदम्याला कौलाबरोबर नेमून दिलेली जागा तीच असल्याचे पुष्कळदा आढळेल. या कौलांचे, हौदांच्या दुरुस्तीचे आणि चावड्यांच्या हिशेबांचे कागद पुण्यातच पेशवे दफ्तरात आहेत, आणि इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १९१० मध्ये स्थापिलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने त्यांतील कितीतरी मजकूर छापून ठेवला आहे. २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोचे खोदकाम चालू असता पाण्याच्या एका जुन्या मार्गाचा भुयारी भाग उघडा पडला; अशा भुयाराची ओळख पटविण्यास हाच छापील आणि हस्तलिखित आधार उपयोगी पडतो. इतःपर मध्यवस्तीत जो जो पाया खणला जाईल तेथे खणण्यापूर्वी नळाचा मार्ग, उच्छ्वासांच्या जागा आणि आंबील ओढ्याचे बुजलेले पात्र महानगरपालिकेने नकाशावर आखून घ्यावे, आणि तो नकाशा प्रत्येक पेठेतील नागरिकाला पाहावयास मिळावा, ही मागणी मी येथे करीत आहे. त्यासाठी लागणारे कागद मोडी वाचणाऱ्यांची वाट पाहत सदाशिव पेठेतील मंडळात आणि पेशवे दफ्तरात पडून आहेत.